मासिक पाळीचा अतिस्राव : शस्त्रक्रियेपूर्वीची एक पायरी

आपल्या भागात मराठी आणि कन्नड या दोन भाषा शेजारी नांदतात, आणि मासिक पाळीच्या बाबतीत दोघींचे एकमत आहे. मराठीत बाईला 'कावळा शिवतो'. कन्नडमध्ये पाळीला 'मुट्टु' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थही शिवणे असाच आहे. ज्या गोष्टीचे नाव घेतानाच दोन्ही भाषा अंग चोरतात, तिचे मोजमाप घरात कोण करणार? याचा परिणाम असा होतो की किती रक्त गेले म्हणजे जास्त, किती दुखले म्हणजे आजार, हे पदवीधर स्त्रीलाही सांगता येत नाही. ती वर्षानुवर्षे सोसते. सोसवेनासे झाले की दवाखाना गाठते, आणि पुष्कळदा तेथे पहिलेच वाक्य ऐकते ते शेवटच्या उपायाचे : 'पिशवी काढून टाकू.'

सोसणे आणि पिशवी काढणे या दोन टोकांच्या मध्ये ज्या पायऱ्या आहेत, त्यांपैकी संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) इंजेक्शनांचा विचार या लेखात करावयाचा आहे. मी प्राणिशास्त्र शिकवते, वैद्यक नव्हे; तेव्हा कोणाला औषध सुचवणे हा हेतू येथे नाही. ही इंजेक्शने शरीरात काय करतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि ती घेण्यापूर्वी काय विचारावे, एवढेच मांडावयाचे आहे. मी स्वतः ती घेतली आहेत, म्हणून पुस्तकात सहसा न सापडणाऱ्या दोन गोष्टीही ओघाने येतील.

किती म्हणजे जास्त?

निरोगी स्त्रीच्या एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलीटर रक्त जाते. म्हणजे लहानसा अर्धा कप देखील नव्हे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९६६ साली झालेल्या अभ्यासात प्रत्यक्ष रक्त मोजण्यात आले, आणि दर पाळीस ८० मिलिलीटरपेक्षा अधिक रक्त जाणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय ठळकपणे दिसतो असे आढळले. तेव्हापासून ८० मिलिलीटर ही अतिस्रावाची सीमा मानली गेली. अलीकडे वैद्यक या आकड्यावरच अडून बसत नाही. पाळीमुळे स्त्रीचे काम, झोप, प्रवास, मनःस्वास्थ्य बिघडत असेल तर तो अतिस्राव, अशी व्यवहारी व्याख्या आता स्वीकारली गेली आहे.

तरीही अंदाज घेण्यासाठी एक सोपी रीत आहे. ती १९९० साली प्रसिद्ध झाली. पॅड थोडे डागाळले तर १ गुण, मध्यम भिजले तर ५, पूर्ण भिजले तर २०. लहान गुठळी पडली तर १, मोठी पडली तर ५. एका पाळीच्या सर्व गुणांची बेरीज १०० च्या वर गेली तर स्राव बहुधा ८० मिलिलीटरपेक्षा जास्त आहे असे समजावे. कापड वापरणाऱ्यांना हे गुण जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात किती फरक पडला, हे त्यांनाही अशा नोंदीवरून कळते.

आता थोडे गणित करू. सुदृढ रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. १६० मिलिलीटर रक्त गेले म्हणजे ८० मिलिग्रॅम लोह गेले. त्वचा, आतडी इत्यादी मार्गांनी शरीर रोज जवळजवळ एक मिलिग्रॅम लोह गमावतेच. महिन्याचे ते २५ ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे या स्त्रीला महिन्यास शंभराहून अधिक, दिवसास साडेतीन मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात शोषले गेले पाहिजे. आपल्या भाकरी-आमटीच्या जेवणातून एक ते दोन मिलिग्रॅमपलीकडे शोषण होत नाही. ताटात पालेभाजी वाढवून ही तूट भरून निघत नाही, हे ध्यानात घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. पण दर महिन्याला होणारी ही गळती त्यांत सहसा मोजलीच जात नाही.

आधी कारण, मग उपाय

अतिस्राव हे लक्षण आहे, रोग नव्हे. २०११ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच्या कारणांची नऊ गटांत विभागणी केली. चार गट गर्भाशयाच्या रचनेतील आहेत : आतल्या अस्तराला आलेला मांसल कोंब; हे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे, ज्याला अॅडिनोमायोसिस म्हणतात; फायब्रॉइडच्या गाठी; आणि कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था. उरलेले पाच रचनेबाहेरचे : रक्त गोठण्यातील दोष, बीजमोचनातील अनियमितपणा, अस्तराचे स्वतःचे बिघाड, औषधे अथवा तांबीसारखी साधने, आणि कोठेच न बसणारी कारणे. याशिवाय गर्भाशयाचे अस्तर बाहेर, बीजांडकोशावर वा ओटीपोटात, रुजते तेव्हा पाळीच्या वेदना असह्य होतात. 'चॉकलेट सिस्ट' हा शब्द पुष्कळांनी ऐकलेला असतो, तो याच विकाराशी संबंधित आहे.

रक्त गोठण्यातील दोषाविषयी विद्यार्थिनींनी एक इतिहास जाणून घ्यावा. फिनलंडमधील डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या विकाराचे वर्णन केले. त्यांच्याकडे आणलेली मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. पुढे कुमारवयात, आयुष्यातील चौथ्या पाळीच्या वेळी, रक्तस्रावानेच तिचा अंत झाला. हा विकार दुर्मीळ नाही. म्हणून पहिल्या पाळीपासूनच जिचा स्राव अती असेल, दात काढल्यावर किंवा लहान जखमेनंतर जिचे रक्त लवकर थांबत नसेल, तिची ही तपासणी व्हायलाच हवी. 'लग्न झाले की ठीक होईल' हा सल्ला तिच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच इंजेक्शनापूर्वी तपासण्यांचा आग्रह धरावा : रक्तातील हिमोग्लोबिन, गरज वाटल्यास थायरॉइड, सोनोग्राफी, गर्भ नसल्याची खात्री. ४५ च्या पुढे किंवा धोक्याची अन्य लक्षणे असल्यास अस्तराचा लहानसा तुकडा घेऊन त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर वाट न पाहता तपासणी करावी. कारण न शोधता रक्त थांबवणे म्हणजे धुराची कारणे न पाहता खिडकी लावून घेण्यासारखे आहे.

संप्रेरकांची लय

आता थोडा शास्त्राचा भाग. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस हा भाग आहे. तो एक लहानसे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीकडे पाठवतो. त्याला आपण 'प्रेरक' म्हणू. पीयूषिका दोन संप्रेरके रक्तात सोडते, आणि ती बीजांडकोशाला जागवतात. बीजांडकोश पाळीचक्राच्या पहिल्या भागात मुख्यतः इस्ट्रोजेन तयार करतो. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन तयार होते. ते या वाढीला आवर घालून अस्तर स्थिर करते. गर्भ रुजला नाही की दोन्हींचे प्रमाण घसरते, अस्तर सुटते आणि पाळी येते. सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती गर्भाशयाचा स्नायू आवळतात. पोटात कळ येते ती या आवळण्याची.

मेंदूतील प्रेरकाची रासायनिक रचना १९७१ साली उलगडली. त्या संशोधनासाठी अँड्रू शॅली आणि रोझे गीमँ यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण खरे आश्चर्य पुढच्या वर्षी बाहेर आले. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट नोबिल आणि त्यांचे सहकारी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग करीत होते. प्रेरक तासाला एक याप्रमाणे ठोक्याठोक्याने दिला की पीयूषिका व्यवस्थित काम करी. तोच प्रेरक अखंड धारेने दिला की ती काम थांबवी. ठोका थांबला की पुन्हा ठोके सुरू करून तिला जागवता येई. दारावर कोणी अधूनमधून टकटक केली तर आपण दार उघडतो. सतत कोणी थापा मारू लागला तर कानाडोळा करतो, तसेच काहीसे हे आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावर इंजेक्शनांचा एक संपूर्ण वर्ग उभा राहिला.

दोन जातींची इंजेक्शने

पाळीच्या अतिस्रावासाठी वा वेदनेसाठी जी इंजेक्शने दिली जातात ती मुख्यतः दोन जातींची आहेत. 'हार्मोनचे इंजेक्शन' या एकाच नावाखाली दोन्हींची भेसळ होते, म्हणून हा भेद नीट समजून घ्यावा.

पहिली जात प्रोजेस्टेरॉनसारख्या द्रव्याची. तिचे नाव मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन अॅसिटेट. १५० मिलिग्रॅम द्रव्य सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात स्नायूत टोचतात. ते हळूहळू विरघळत राहते आणि सुमारे तीन महिने पुरते. टोचलेली जागा चोळायची नाही किंवा शेकायची नाही, कारण त्याने द्रव्य लवकर विरघळून संपते. या इंजेक्शनाने बीजमोचन थांबते आणि अस्तर पातळ राहते. सुटण्यास फारसे काही नसते, म्हणून रक्त कमी जाते. हे मूलतः गर्भनिरोधक आहे. २०१७ पासून 'अंतरा' या नावाने ते सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळू लागले. तेथे त्याचा हेतू पाळणा लांबवणे हा असतो. अतिस्रावासाठी ते घ्यावे की नाही हा निर्णय तपासणीनंतर स्त्रीरोगतज्ज्ञाने करावयाचा असतो. याच द्रव्याचे कातडीखाली टोचावयाचे १०४ मिलिग्रॅमचे रूप २००५ साली अमेरिकेत अस्तर बाहेर रुजण्याच्या वेदनेसाठी मान्य झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते वेदना कमी करण्यात दुसऱ्या जातीच्या इंजेक्शनाइतकेच उपयोगी ठरले, आणि हाडांची झीज त्यात कमी दिसली.

दुसरी जात म्हणजे नोबिल यांच्या अखंड धारेची व्यावहारिक आवृत्ती. ल्यूप्रोलाइड हे तिचे परिचित उदाहरण. ते महिन्याला ३.७५ किंवा तीन महिन्यांना ११.२५ मिलिग्रॅम या मात्रेत दिले जाते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पीयूषिका चाळवते आणि एकदा जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. मग ती शांत होते, इस्ट्रोजेन घसरते आणि पाळी थांबते. थोडक्यात, हे तात्पुरते रजोनिवृत्तीचे दिवस आहेत. अंगातून वाफा येणे, घाम, झोप न लागणे, सांधे दुखणे ही त्याची लक्षणेही सोबत येतात. फायब्रॉइडच्या गाठी तीन महिन्यांत पुष्कळ आक्रसतात. पण इंजेक्शन थांबवले की पुन्हा वाढतात. म्हणून हा कायमचा इलाज नव्हे. हाडे झिजतात म्हणून सहा महिन्यांपलीकडे ते एकटे देत नाहीत. लांबवायचेच असेल तर सोबत अल्प प्रमाणात संप्रेरके देतात.

दोन घरगुती उदाहरणे

माझ्या मोठ्या जाऊबाईंना फायब्रॉइडच्या मोठ्या गाठी होत्या आणि हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम टक्के. शस्त्रक्रिया अटळ होती. पण त्या अवस्थेत टेबलावर घेतले असते तर रक्ताच्या बाटल्या लागल्या असत्या. डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची तीन मासिक इंजेक्शने दिली, सोबत लोहाच्या गोळ्या. पाळी थांबली, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले, गाठी लहान झाल्या. मग गर्भाशय काढले. रक्त द्यावे लागले नाही. येथे इंजेक्शनाने शस्त्रक्रिया टाळली नाही, सोपी केली. इंजेक्शन 'फुकट गेले' असे काही नातेवाईक म्हणाले. मला ते पटत नाही.

माझे प्रकरण वेगळे होते. वय ४२, सोनोग्राफीत अॅडिनोमायोसिस, पाळीच्या गुणांची बेरीज अडीचशेच्या पुढे, हिमोग्लोबिन आठच्या खाली. पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटांत पिशवी काढण्याची तारीख मिळाली. घरातही सल्ला तोच होता. 'दोन मुलं झाली, आता काय करायचीय पिशवी? एकदा काढली की मोकळी होशील गं,' असे वडीलधाऱ्या बायका मायेनेच म्हणत. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी अस्तराची तपासणी केली, कर्करोग नाही याची खात्री केली, आणि कागदावर लिहून दिले : मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, दर बारा आठवड्यांनी, तीन इंजेक्शनांनंतर आढावा, उपयोग नसेल तर पुढचा विचार. त्या म्हणाल्या, 'बाई, पहिले तीन महिने तुम्ही मला शिव्या द्याल. त्यानंतर ठरवू.'

तसेच झाले. पहिल्या इंजेक्शनानंतर चाळीसहून अधिक दिवस डाग दिसत राहिले. रक्त थोडे, पण रोज. वर्गावर उभे राहताना मनात तेवढेच असे. दुसऱ्या इंजेक्शनानंतर डाग तुरळक झाले, तिसऱ्यानंतर थांबले. नऊ महिन्यांत, लोहाच्या गोळ्यांच्या जोडीने, हिमोग्लोबिन जवळजवळ बाराला पोचले. वजन तीन किलो वाढले. सहा इंजेक्शनांनंतर, दीड वर्षाने, हाडांचा विचार करून आम्ही थांबलो. पाळी परत यायला नऊ महिने लागले. आता गुणांची बेरीज शंभराच्या आसपास असते, आणि जोराच्या दोन दिवसांत मी ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या घेते. शस्त्रक्रियेचा प्रश्न कायमचा मिटला असे मी म्हणत नाही. पण तो आता मी रक्त भरलेल्या अंगाने आणि शांत डोक्याने विचारात घेऊ शकते. त्या वर्षी जिना चढताना धाप लागत असे. तेव्हा मी कशालाही हो म्हटले असते.

मर्यादा आणि धोके

पहिल्या जातीच्या इंजेक्शनाने वर्षअखेर निम्म्याहून अधिक स्त्रियांची पाळी थांबते; इतरांत अनियमित डाग चालू राहू शकतात. पाळी थांबली म्हणजे 'घाण आत साठते' ही समजूत चुकीची आहे; अस्तरच तयार होत नसेल तर साठणार काय? मात्र पुढील गोष्टी खऱ्या आहेत. गर्भधारणेची क्षमता परत येण्यास शेवटच्या इंजेक्शनापासून सरासरी दहा महिने लागतात, म्हणून लवकर मूल हवे असणाऱ्यांनी आधी सांगावे. हाडांची घनता कमी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली यासंबंधी ठळक इशारा दिला आणि दुसरा उपाय चालत असेल तर दोन वर्षांपलीकडे जाऊ नये असे सुचवले. थांबवल्यावर ही झीज बहुतांशी भरून निघते. वर्षापेक्षा अधिक काळ घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणातील एका प्रकारच्या, सहसा कर्करोगी नसलेल्या गाठीचा धोका वाढलेला फ्रान्समधील २०२४ च्या अभ्यासात दिसला. मुळात ही गाठ विरळ आहे, तरी माहिती असावी. स्तनाचा कर्करोग, फार वाढलेला रक्तदाब, अर्धांगाचा झटका यांचा इतिहास असल्यास ते देत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे : गोळी त्रास झाला तर आज थांबवता येते, टोचलेले द्रव्य परत काढता येत नाही. त्रास झाला तर तीन महिने धीर धरावाच लागतो.

इंजेक्शन ही एकमेव मधली पायरी आहे असेही समजू नये. ट्रॅनेक्झामिक अॅसिड हे जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याचे १९६२ सालचे देणे. पाळीच्या दिवसांतच घ्यायचे, आणि रक्त जवळजवळ निम्म्याने कमी करणारे. मेफेनॅमिक अॅसिड प्रोस्टाग्लँडिन अडवते, म्हणून वेदना आणि रक्त दोन्ही कमी होतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले, १९९१ पासून 'सहेली' नावाने मिळणारे ऑर्मेलॉक्सिफेन आपल्या देशात अतिस्रावासाठी वापरले जाते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयातील साधन तर यांत सर्वांत प्रभावी मानले जाते. फिनलंडमध्ये अतिस्रावामुळे शस्त्रक्रियेसाठी पाठवलेल्या २३६ स्त्रियांपैकी अर्ध्यांना हे साधन आणि अर्ध्यांना शस्त्रक्रिया, अशी चाचणी झाली. २००४ साली पाच वर्षांचे निष्कर्ष आले. साधन बसवलेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना पुढे गर्भाशय काढावेच लागले. पण उरलेल्या ५८ टक्के स्त्रियांनी ते टाळले, आणि दोन्ही गटांतील जीवनाच्या समाधानात लक्षणीय फरक दिसला नाही. साधनाचा प्रयोग इंजेक्शनाला तंतोतंत लागू होत नाही. तरी 'आधी करून पाहावे' या मार्गाचे मोल त्यातून कळते.

शस्त्रक्रिया वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. कर्करोग असेल, गाठी फार मोठ्या असतील, औषधांनी भागत नसेल, तर ती वरदान आहे. पण ती परत फिरवता येत नाही. तिच्यासोबत तरुणपणीच बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम नाहीसे होते, आणि हाडांचा ठिसूळपणा व हृदयविकार यांचा धोका वाढतो. पिशवी काढायची म्हणजे नेमके काय काढणार, हे प्रत्येकीने विचारलेच पाहिजे.

प्रश्न विचारण्याचा अधिकार

हा प्रश्न वैयक्तिक वाटतो, पण तसा नाही. २०१९ साली महाराष्ट्र शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी आली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांची, पिशवी काढलेली होती. पाळीत एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाण्याची, आडोशाची सोय नाही. उचल फेडायची आहे. अशा वेळी पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला 'काढून टाका' हा सल्ला सोयीचा वाटला, यात नवल नाही. बीडच्या टोळ्या आपल्या सीमेवरील कारखान्यांवरही येतात. ऊस भरलेल्या गाड्यांमागून चालणाऱ्या त्या बायका आपण दर हंगामात पाहतो. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्णय दिला आणि केंद्राने २०२२ साली आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असे सांगितले.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे नॉरएथिस्टेरॉन एनांथेट या संप्रेरकाच्या इंजेक्शनाच्या चाचणीसाठी स्त्रियांना बोलावण्यात आले होते. त्यांना हा प्रयोग आहे याची नीट कल्पना दिलेली नाही, असे स्त्री-कार्यकर्त्यांना आढळले. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतरांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. म्हणजे एकीकडे न सांगता पिशवी काढली जाते, दुसरीकडे न सांगता इंजेक्शन टोचले जाते. दोन्हींत बाईचे अंग वापरले जाते आणि तिची समज वगळली जाते. शस्त्रक्रियेपूर्वीची पायरी खऱ्या अर्थाने पायरी ठरते ती, तिच्यावर पाऊल ठेवणारीला ती कोठे जाते हे ठाऊक असेल तेव्हा.

म्हणून आमच्या विद्यार्थिनींनी, आणि विद्यार्थ्यांनीही आपल्या आई-बहिणींसाठी, पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तीन पाळ्यांची तारखांसह आणि गुणांसह नोंद ठेवा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. दवाखान्यात पाच प्रश्न विचारा : कारण काय सापडले? कर्करोग नाही हे कशावरून? इंजेक्शन कोणत्या जातीचे आणि किती दिवस टिकणारे? किती महिन्यांनी आढावा घ्यायचा आणि तेव्हा काय पाहून ते यशस्वी मानायचे? यश आले नाही तर पुढची पायरी कोणती? उत्तरे कागदावर लिहून घ्या. शस्त्रक्रियेची तारीख मिळालीच असेल आणि तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

आमच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या हृदयाचे ठोके आलेख-कागदावर नोंदवण्याची जुनी पद्धत आहे. विद्यार्थी मान मोडून तो आलेख काढतात. तेवढ्याच काळजीने एक वही आपल्या पाळीसाठी ठेवली, तर पुष्कळ शस्त्रक्रिया टळतील, काही वेळेवर होतील, आणि प्रत्येक वेळी निर्णय मात्र त्या वहीच्या मालकिणीचा असेल.